खरवडलेला रंग कुठे पडतो?



भोर संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, पण त्या काळचे वाडे भोरात अजून उभे आहेत. भोर-वेल्ह्याच्या पावसात दारे-खिडक्या टिकाव्यात म्हणून लोक ऑइलपेंटचे थरावर थर देत आले. उन्हाळ्यात अशा जुन्या इमारतींची डागडुजी निघते, आणि रंग खरवडायला आपले कातकरी बांधवही रोजंदारीवर जातात.

या जुन्या थरांत शिसे असू शकते. लोखंडी गजांना लावत तो शेंदूर शिशाचाच. जुना सफेता आणि गडद पिवळा रंगही पुष्कळदा शिशाचा. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइलपेंट संशयित धरावा. नुसत्या चुन्याच्या भिंतीला ही भीती नाही.

कोरडा रंग घासला की त्याची धूळ हाताला, कपड्यांना लागून घरी जाते. मुलांच्या मेंदूला शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही. अंगात लोह कमी असेल तर शिसे अधिक शोषले जाते. म्हणजे पाड्यावरच्या अशक्त लेकराला धोका सर्वांत जास्त.

लेवीय 14 मध्ये चट्टा पडलेले घर खरवडण्याचा नियम आहे. खरवडलेली माती नगराबाहेर नेऊन टाकावी, हेही तिथे सांगितले आहे. घर शुद्ध करताना शेजारी बाधू नये, ही देवाची काळजी.

म्हणून वसतिगृह किंवा चर्च रंगवताना मुलांना दूर ठेवा. खाली प्लॅस्टिक अंथरा. रंग ओला करूनच घासा, ज्योतीने जाळू नका. झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामगारांना एन-95 मास्क द्या. जेवणाआधी हात धुण्याची आणि घरी जाण्याआधी कपडे बदलण्याची सोय करा. कचरा पिशवीत घट्ट बांधून घातक कचरा म्हणून वेगळा द्या; ओढ्यात किंवा अंगणात टाकू नका.

आणि एक कळकळीची विनंती. रंगवलेल्या जुन्या चौकटी दयेपोटीसुद्धा सरपणाला पाड्यावर देऊ नका. चुलीत ते लाकूड जळले की शिसे धुरात आणि राखेत उतरते, आणि त्याच राखेने माऊली भांडी घासते.

दुरुस्तीसाठी देणगी देताना एवढे जरूर विचारा: कामगारांच्या सुरक्षेचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे का? नसेल, तर आधी तो धरायला लावा. रंग एक वर्ष उशिरा लागला तरी चालेल.

प्रभू आपणांस आशीर्वादित करो.