माशांआधी पाणवनस्पती

काचेच्या पेटीत पाणी भरले, की त्याच दिवशी मासे सोडण्याचा मोह अनिवार होतो; आणि पुष्कळदा ते बिचारे पंधरवड्याच्या आतच दगावतात. माशांच्या शरीरातून व कुजणाऱ्या खाद्यातून विषारी अमोनिया निर्माण होतो. त्याचे आधी नायट्राइट (तेही विषारीच) आणि मग बरेचसे निरुपद्रवी नायट्रेट करणारे जंतू वाळूत वसावयास ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर चिमूटभर खाद्य घालून पेटी माशांवाचून राखावी आणि व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला यांसारख्या आपल्या तळ्यांतूनही आढळणाऱ्या वनस्पती दाट लावाव्यात. अमोनिया त्याही शोषून घेतात. प्रकाश ६ ते ८ तास पुरे. अधिक झाल्यास शेवाळ माजते. पुढे मासे लहान व मोजकेच सोडावेत, आणि खाद्य २ मिनिटांत संपेल इतकेच. आपला पाहुणचाराचा आग्रह येथे घातक ठरतो.