धाकट्या भावांचे घर

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त आयोजित केलेल्या काशीयात्रेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर रामनगर येथे मुख्याध्यापिकांनी दिलेले व्याख्यान)



गंगेच्या पूर्वतीरावरील या रामनगरात आज आपण एकत्र बसलो आहोत. काशीनरेश बलवंतसिंह यांनी अठराव्या शतकात चुनारच्या दगडात उभारलेला किल्ला इथे आहे आणि किल्ल्यात व्यासांचे मंदिर आहे. काशी सोडावी लागल्यावर व्यासांनी या तीरावर वास्तव्य केले, अशी आख्यायिका आपण ऐकतो. समोर पैलतीरावर संन्याशांचे मठ आहेत. शहराच्या उत्तरेस सारनाथ आहे. बुद्धांनी पहिला उपदेश तिथे केला आणि पाच भिक्खूंचा पहिला संघही तिथेच जन्माला आला. घरदार सोडून निघालेल्या माणसांनी पुन्हा एकत्र का राहावे, हा प्रश्न या परिसरात मनात येणे स्वाभाविक आहे. त्याच प्रश्नाविषयी मी आज बोलणार आहे. उदाहरण मात्र मी आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरून घेतले आहे, आणि ते एका ख्रिस्ती व्रतस्थाचे आहे.

काशीत येऊन वसईविषयी बोलणे काहींना अनपेक्षित वाटेल. परंतु एक कालसंगती पाहा. पैठणच्या संत एकनाथांनी आपले भागवत याच काशीत १५७३ साली पूर्ण केले. त्याच सुमारास वसईचा पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा समुद्रमार्गे जपानला पोहोचला होता. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया. एकाने प्रपंचात राहून परमार्थ साधला, दुसऱ्याने प्रपंच सोडून. दोघांची भेट होणे शक्यच नव्हते; पण आपले जगणे कोणासाठी, हा प्रश्न दोघांपुढे होता.

गोन्सालो यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. मुलाचे शिक्षण येशूसंघी, म्हणजे जेज्वीट धर्मगुरूंकडे झाले आणि त्यांच्याबरोबरच तो जपानला गेला. तिथली भाषा त्याने आत्मसात केली. धर्मशिक्षक म्हणून त्याने अनेक वर्षे काम केले. येशूसंघात आपल्याला प्रवेश मिळावा अशी त्याची मनोमन इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. तेव्हा त्याने व्यापार सुरू केला. व्यापारात त्याचा जम बसला, पैसा हाती आला. तरीही मनातली हाक थांबली नाही. पुढे फिलिपिन्समधील मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. धर्मगुरू म्हणून त्याला दीक्षा मिळाली नाही. तो केवळ धर्मबंधू झाला.

या ‘केवळ’ शब्दापाशी आपल्याला थोडे थांबायचे आहे. त्यासाठी हा संघ कसा आहे, ते समजून घेऊ.

इटलीतील असिसी गावच्या एका कापडव्यापाऱ्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, वडिलांच्या संपत्तीवर पाणी सोडले. १२०९ साली तो मोजक्या सोबत्यांसह रोमला गेला आणि त्यांच्या जीवनपद्धतीला पोपची तोंडी अनुमती मिळाली. १२२३ मध्ये त्यांच्या लेखी नियमावलीवर मान्यतेची मोहोर उमटली. त्याआधीचे ख्रिस्ती साधू बहुधा एकाच मठात आयुष्यभर राहत. मठाला शेती असे, मालमत्ता असे. फ्रान्सिसचे सोबती मात्र नगरांत, बाजारांत, रोग्यांत वावरत. ते श्रम करीत, प्रसंगी भिक्षा मागत आणि गावोगाव हिंडत. आपल्याकडील परिव्राजकाची किंवा माधुकरी मागणाऱ्या ब्रह्मचाऱ्याची आठवण व्हावी, असे हे जीवन होते. त्यांना ‘फ्रायर’ म्हणतात. या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ ‘भाऊ’ एवढाच आहे. फ्रान्सिसने आपल्या संघाला नाव दिले ते ‘लहान भावांचा संघ’. आपल्या घरातला शब्द वापरायचा तर धाकटे भाऊ.

घरात धाकटा कोण असतो? ज्याला कोणीही काम सांगावे, तो. संघातल्या प्रत्येकाने स्वतःला धाकटा मानावे, अशी ही योजना आहे. म्हणून त्यांच्या प्रमुखाला राजा वा स्वामी म्हणत नाहीत. त्याच्या पदनामाचा अर्थ ‘सेवक’ असा आहे. स्वतः फ्रान्सिसनेही धर्मगुरूची पूर्ण दीक्षा कधी घेतली नाही.

या मार्गावर येणाऱ्याच्या अंतःकरणातील हाकेला आपले मराठी ख्रिस्ती बांधव ‘पाचारण’ म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. निर्णय माणूस घेतो, पण त्याआधी कोणीतरी बोलावलेले असते, असा त्यात भाव आहे. मात्र हाक ऐकू आली असे म्हटले की लगेच दार उघडते, असे होत नाही. आधी उमेदवारीचा काळ असतो. त्यानंतर ठरावीक मुदतीची व्रते घ्यायची, आणि काही वर्षे पारखून झाल्यावर आजन्म व्रते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही ती तीन व्रते होत. कमरेच्या दोरीला मारलेल्या तीन गाठी त्यांचीच आठवण देतात.

मला मात्र या तीन व्रतांच्या तळाशी चौथे, न उच्चारलेले व्रत दिसते. ते म्हणजे सहजीवन. एकांतात दारिद्र्य पाळणे कठीण आहे. परंतु सामाईक थैलीतून खर्च करताना दुसऱ्याच्या गरजेला आपल्या गरजेइतकेच महत्त्व देणे अधिक कठीण आहे. डोंगरातल्या गुहेत राग आवरता येतो. रोज त्याच पंगतीला, त्याच माणसाशेजारी बसून, त्याच्या त्याच त्या सवयी पाहत राग आवरणे हे खरे तप. घोरणारा, विसरभोळा, फटकळ, आजारी, वृद्ध अशा सगळ्यांसह राहायचे असते, आणि हे भाऊ आपण निवडलेले नसतात. फ्रान्सिसच्या नियमावलीत आईच्या मायेचा दाखला आहे: आई पोटच्या मुलाला जपते, त्याहूनही जिव्हाळ्याने भावाने भावाला जपावे. एखादा आजारी पडला, तर इतरांनी त्याची सेवा अशी करावी, जशी आपली व्हावी असे वाटते.

आज्ञापालनाचे नाव घेतले की आजच्या पालकांच्या कपाळावर आठी पडते, आणि ते योग्यच आहे. आज्ञेच्या आडोशाने अन्याय झाल्याची उदाहरणे कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही संस्थेच्या इतिहासात सापडतात. म्हणूनच आठशे वर्षांपूर्वीच्या त्या नियमावलीतील दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. आपल्या सदसद्विवेकाविरुद्ध आणि नियमाविरुद्ध असेल, ती आज्ञा पाळण्याचे बंधन बंधूवर नाही. आणि प्रमुख सेवक आपल्या कामाला अपुरा ठरला, तर बंधूंच्या प्रतिनिधींनी दुसरा निवडावा. जिथे माणसे एकत्र राहतात, तिथे प्रेमाबरोबर नियमही हवा आणि नियम सर्वांत वरच्यालाही लागू हवा.

इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे शिक्षिकेला शोभणार नाही. कोकण किनाऱ्यावर फ्रान्सिस्कन आले ते पोर्तुगीज सत्तेच्या छायेत. बोरिवलीची मंडपेश्वर लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. ते प्राचीन शैव लेणे सोळाव्या शतकात या संघाने चर्चमध्ये रूपांतरित केले. वरच्या वास्तूचे अवशेष आजही दिसतात. निष्कांचन राहण्याचे व्रत घेतलेल्यांनी राजसत्तेच्या बळावर दुसऱ्यांचे पूजास्थान घेतले, ही विसंगती लपत नाही. एखादा आदर्श थोर असला, तरी त्याचे अनुयायी त्याच्या उंचीला पुरे पडतातच असे नाही. ही गोष्टही मुलांना सांगायला हवी.

आता पुन्हा गोन्सालो यांच्याकडे वळू. १५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूला वकील म्हणून जपानला पाठवले. तिथला सर्वसत्ताधीश होता तोयोतोमी हिदेयोशी. मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम त्याने १५८७ मध्येच काढलेला होता. अशा माणसासमोर बोलायचे, आणि भाषा येत नाही. ती कोणाला येत होती? वसईच्या या धर्मबंधूला. ज्या वर्षांच्या शेवटी त्याला नकार मिळाला, त्याच वर्षांत शिकलेली भाषा संघाचा आधार ठरली. क्योतो येथे बंधूंना राहण्याची परवानगी मिळाली. त्यांनी घर बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालवले.

१५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या तोसा किनाऱ्यावर फुटले. त्यावरील माल जप्त झाला. स्पेनच्या साम्राज्यविस्ताराविषयीचा संशय बळावला. आणि रोष कोसळला तो बंधूंवर. त्यांना व त्यांच्या जपानी सोबत्यांना अटक झाली. प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला गेला आणि ऐन हिवाळ्यात त्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथल्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत तीन जपानी येशूसंघी होते, सतरा जपानी प्रापंचिक होते, त्यांतला एक मुलगा अवघ्या बारा वर्षांचा होता, आणि सहा फ्रान्सिस्कन होते. सहांपैकी चौघे स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक आपल्या वसईचा. ज्या येशूसंघात त्यांना प्रवेश मिळाला नव्हता, त्याच संघाच्या तिघांबरोबर त्यांनी मरण पत्करले. १८६२ साली या सर्वांना संतपद जाहीर झाले. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत म्हणून आज गोन्सालो गार्सिया यांचे नाव घेतले जाते. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, आणि त्या परिसरात आज मराठीतून उपासना होते.

त्यांचे हौतात्म्य मोठेच. परंतु शाळेच्या दृष्टीने मला त्यांची आधीची वर्षे अधिक बोलकी वाटतात. अर्थ समजावून सांगणे, रोग्यांची शुश्रूषा करणे, घरातली पडतील ती कामे करणे, यांत ती गेली. पदवी नाही, पीठ नाही, प्रवचनाचा अधिकार नाही. पण त्यांच्यावाचून त्या घराचा बाहेरच्या जगाशी संवादच झाला नसता. संघटित जीवन अशाच माणसांच्या खांद्यावर उभे असते.

पालकहो, दहावीनंतर मुलांना घेऊन तुम्ही माझ्याकडे येता तेव्हा एक प्रश्न हमखास विचारता: हा पुढे काय होईल? रास्त प्रश्न आहे. त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे: हा कोणाबरोबर आणि कोणासाठी जगेल? एखादी मुलगी आदिवासी पाड्यावर शिकवायला जायचे म्हणते, एखादा मुलगा चांगली नोकरी सोडून रुग्णसेवेत शिरतो, तेव्हा आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. ती भीती खोटी नाही, म्हणून तिची थट्टा कोणी करू नये. परंतु त्या हाकेचीही थट्टा करू नये. उमेदवारीच्या काळाची पद्धत घराघरांत उपयोगी आहे. मुलाला म्हणावे, एक वर्ष करून पाहा, त्या माणसांत राहून पाहा, मग ठरव. पारख व्हायला वेळ दिला, तर खरी हाक टिकते आणि क्षणिक उमाळा आपोआप ओसरतो. आणि एका दारावर नकार मिळालेले मूल घरी आले, तर त्याची ती वर्षे फुकट गेली असे कृपा करून म्हणू नका.

माजी विद्यार्थ्यांकडेही माझे एक मागणे आहे. आपला स्मृतिग्रंथ तयार होत आहे. त्यात संस्थापकांची, मुख्याध्यापकांची, गुणवंतांची छायाचित्रे येतील, ती यावीतच. पण साठ वर्षे सकाळी फाटक उघडणारे, घंटा देणारे, पाण्याच्या टाक्या धुणारे, खिचडी शिजवणाऱ्या मावशी, दाखले लिहिणारे कार्यालयातले सहकारी हेही या घराचे धाकटे भाऊ आणि धाकट्या बहिणी आहेत. त्यांची नावे आजही तुम्हाला आठवतात. पण अशा नावांची नोंद आपल्याकडे कुठेच एकत्र नाही. ती तुम्ही लिहून पाठवा. त्या नावांची पाने ग्रंथाच्या शेवटी, उरलेल्या जागेत न घालता आरंभी घ्यावीत, असा प्रस्ताव मी विश्वस्तांपुढे आज आपल्या सर्वांच्या साक्षीने मांडते.

मराठी माध्यमाच्या शाळांपुढे आज पटसंख्येचा प्रश्न आहे. इमारत, निधी, संगणक हे सारे लागेल. पण शाळा टिकते ती तिच्यातली माणसे एकमेकांना धरून राहतात म्हणून. साठ वर्षांत आपण तसे राहिलो. पुढेही राहू या.