अडलेली वाट
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, नाट्य, इतिहास असे विषय यावेत, हे रीतीला धरूनच आहे. आजचा माझा विषय त्या पंक्तीत सहजी बसणारा नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आणि त्याची वेळेवरची तपासणी आदिवासी स्त्रीपर्यंत का पोहोचत नाही, याविषयी मी आपणांशी बोलणार आहे. मी वैद्य नव्हे. कलाशाखेचा साधा पदवीधर आणि केंद्र सरकारचा नोकर आहे. परंतु हा प्रश्न निव्वळ वैद्यकाचा असता, तर तो एव्हाना सुटला असता. रोगाचे कारण ठाऊक आहे, तो ओळखण्याची युक्ती आहे, उपाय आहे. अडले आहे ते वाटेत, आणि त्या वाटेवर आपल्यासारख्या नागरिकांनाही काही काम आहे.

प्रथम रोगाविषयी थोडेसे. हा रोग एका विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गामुळे होतो. हे सिद्ध करणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा संसर्ग विवाहित आयुष्यात अगदी सर्रास होणारा आहे. बहुतेक स्त्रियांचे शरीर तो आपोआप झटकून टाकते. थोड्याजणींत मात्र तो ठाण मांडतो, गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू पालटू लागतात, आणि त्यांचा कर्करोग होण्यास बहुधा दहा ते वीस वर्षे लागतात. इतकी दीर्घ पूर्वसूचना देणारे कर्करोग फार थोडे. या अवधीत स्त्रीला काहीही दुखत नाही, खुपत नाही. परंतु तपासले तर बदल दिसतो आणि तेथल्या तेथे तो नाहीसा करता येतो.

तपासण्याचे मार्ग तीन आहेत. पेशींचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ही डॉ. पापानिकोलाऊ यांच्या नावाने ओळखली जाणारी जुनी पद्धत. दुसरी, गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील शिरक्याचेच द्रव्य, लावून मिनिटभर थांबणे. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसू लागतो. तिसरी, त्या विषाणूचाच शोध घेणे. यांतील दुसरीला प्रयोगशाळा लागत नाही. शिकवलेली परिचारिका ती गावात करू शकते.

तरीही आपल्या देशात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास स्त्रिया त्याने दगावतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा १.९ एवढ्याच आढळल्या. म्हणजे शंभरांतील अठ्ठ्याण्णवजणी तपासणीवाचून राहिल्या. त्यांत दुर्गम पाड्यावरची स्त्री आहे, तशीच शहरातली सुशिक्षित गृहिणीही आहे. तेव्हा ‘आदिवासी बायका अडाणी, त्या तपासायला येत नाहीत’ हे सोयीचे उत्तर येथेच बाद होते.

स्त्रिया खरोखरच येत नाहीत काय? १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाई जोशी यांनी, आपण वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस का जात आहोत, हे जाहीर व्याख्यानात सांगितले. त्यांचे पती गोपाळराव टपालखात्यात होते; म्हणजे नोकरीपायी घरापासून दूर गेलेलेच हे एक मराठी कुटुंब. पुरुष वैद्यासमोर आपल्या स्त्रिया दुखणे उघडे करीत नाहीत, म्हणून स्त्री वैद्य हवी, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. रुग्ण स्त्रीच्या संकोचाला दोष न देता त्या संकोचाला साजेशी व्यवस्था उभी करावी, हा विचार एका अठरा वर्षांच्या मुलीने एकशे चाळीस वर्षांपूर्वी मांडला होता.

त्यानंतर शंभर वर्षांनी गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा वृत्तांत १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शेकडा ९२ स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा आठच होत्या. ही कर्करोगाची मोहीम नव्हती. परंतु गावाला विश्वासात घेतले आणि तपासणारी स्त्री असली, म्हणजे खेड्यातल्या स्त्रिया आपले मुकाट सोसलेले दुखणे सांगतात, हे तिने दाखवून दिले.

तिसरे उदाहरण मराठवाड्याचे. १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी एक मोठा अभ्यास हाती घेतला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. कार्यकर्ते घरोघर गेले, समजावले, संमती घेतली. विषाणूच्या तपासणीसाठी निवडलेल्या गावांत दर पाच स्त्रियांपैकी चार तपासणीस आल्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले होते आणि तपासणी न झालेल्या, साधारण तेवढ्याच मोठ्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीचा हा परिणाम! तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या स्त्रियांबाबत पुढे नैतिक वाद झाला, आणि तो होणे रास्तच होते. पण ज्या जिल्ह्याला आपण मागास म्हणतो तेथल्या शेतकरी बायका पाचांत चार आल्या, ही गोष्ट त्या वादाने पुसली जात नाही.

मग आदिवासी स्त्रीची वाट कोठे अडते? मला त्यात पाच अडसर दिसतात.

पहिला अंतराचा. भामरागडच्या स्त्रीला मोठ्या कर्करोग रुग्णालयासाठी नागपूर गाठायचे, तर तीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास आहे; पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचाच संपर्क तुटतो. दुसरा मजुरीचा. दुखत नसलेल्या शरीरासाठी दिवसाची रोजी बुडवायची, भाडे खर्चायचे आणि लेकरू कोणापाशी तरी ठेवायचे, हा हिशेब तिला जुळवता येत नाही. तेंदूपानांच्या हंगामात तर नाहीच. तिसरा भाषेचा. आपल्या शरीराच्या अत्यंत खाजगी भागाविषयी माडिया वा गोंडी बोलणाऱ्या बाईने मराठीत बोलावे, तेही बहुधा अनोळखी माणसाशी, ही अपेक्षाच अवाजवी आहे. चौथा अडसर पाठपुराव्याचा. नमुना घेतला, पण निष्कर्ष परत आलाच नाही. किंवा आला तरी पुढच्या उपचाराला न्यायला कोणी नाही. एकीचा असा अनुभव दहाजणींचे पाऊल मागे खेचतो.

पाचवा अडसर सर्वांत कठीण, तो विश्वासाचा. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. कित्येकींना कर्करोगाचे भय घालून शस्त्रक्रियेस राजी केल्याच्या तक्रारी त्या वेळी पुढे आल्या. ज्यांनी हे ऐकले, त्यांना ‘कर्करोगाची तपासणी’ हा शब्द धमकीसारखा वाटला, तर नवल कसले? त्याआधी २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील बडोदे जिल्ह्यांत याच विषाणूवरील लस हजारो मुलींना देण्यात आली. खम्ममच्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत दिसून आला नाही. तथापि कार्यक्रम एप्रिल २०१० मध्ये थांबवावा लागला आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस उपयुक्तच आहे; पुण्याच्या सीरम संस्थेची स्वदेशी लस २०२२ साली मान्यता पावली, ही अभिमानाची बाब आहे. परंतु चांगली वस्तूही न विचारता दिली, तर ती घेणाऱ्याच्या मनात संशय पेरते, आणि तो उपटायला एक पिढी जाते.

हे अडसर दूर होऊ शकतात, याची उदाहरणे आहेत. ऑस्ट्रेलियात मूळ रहिवासी स्त्रियांमध्ये या रोगाचे प्रमाण इतर स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट आहे. तेथे जुलै २०२२ पासून प्रत्येक पात्र स्त्रीला आपला नमुना स्वतःच, पडद्याआड, मऊ कापसाच्या काडीने घेण्याची मुभा मिळाली. संकोचाचा मोठा भाग तेथेच गळून पडतो. गडचिरोलीजवळच्या शोधग्रामात आदिवासींशी सल्लामसलत करून दवाखान्याला ‘माँ दंतेश्वरी’ हे नाव दिले आणि त्याची रचना त्यांच्या वस्तीसारखी केली. रुग्णाबरोबर नातलगांनाही राहता यावे, अशी सोय ठेवली. रुग्णाला शोभेल असा दवाखाना बांधणे, हे काम यंत्रसामग्रीपेक्षा अवघड आहे, पण अशक्य नाही.

सरकारी पातळीवर २०१६ साली आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक आराखडा काढला. तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक स्त्रीची शिरक्याच्या पद्धतीने दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असे त्यात आहे. आराखडा चांगला आहे. पण सरकारी नोकरीत तीस वर्षे घालवल्यावर मला एवढे कळते, की कागदावरची योजना त्या यादीतील शेवटच्या नावापर्यंत जाते तेव्हाच ती योजना होते. आणि यादीत नावच नसेल तर?

येथे मी गडचिरोलीहून आपणांस आपल्या दिल्लीत आणतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी, नोएडात, गुरगावात, द्वारकेत, स्वयंपाकपाणी व मुलांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया गुमला, सिमडेगा, जशपूर, सुंदरगड या आदिवासी मुलखांतून आलेल्या आहेत. उराँव, मुंडा, खडिया अशा समाजांच्या या लेकी. गावाकडे आशा कार्यकर्तीच्या वहीत त्यांचे नाव असले, तर त्या तेथे नाहीत. आणि येथे आपल्या घरी राहूनही आपल्या कुटुंबाच्या यादीत त्या नाहीत. सरकारी रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो. नेमक्या त्याच वेळी आपला डबा, शाळेची बस आणि कचेरी असते. त्यांची सुटी रविवारची, तेव्हा तो विभाग बंद. बंधुभगिनींनो, अंतर, मजुरी, भाषा, पाठपुरावा आणि विश्वास हे पाचही अडसर आपल्या स्वयंपाकघरात उभे आहेत. त्यांतील मजुरीचा अडसर तर निव्वळ आपल्या हातचा आहे.

ज्या शहरात आपण राहतो, तेथे साधनांचा दुष्काळ नाही. पेशींच्या अभ्यासासाठी १९७९ साली दिल्लीत सुरू झालेले केंद्रच आज नोएडात राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था म्हणून नांदते आहे. झज्जर येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी आहे. इतक्या जवळ असूनही आपल्या घरातली बाई तेथवर पोहोचत नाही, याला अंतराचे कारण कसे द्यावे?

म्हणून या महोत्सवी वर्षात मंडळापुढे मी तीन सूचना ठेवतो. एक, प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या घरी काम करणाऱ्या, तीस वर्षांवरील स्त्रीला तपासणीसाठी एका कामाच्या दिवशी पगारी रजा आणि जाण्यायेण्याचे भाडे द्यावे. उपकार म्हणून नव्हे, तिचा हक्क म्हणून. दोन, मंडळाच्या महिला शाखेने सादरी जाणणारी एखादी अनुभवी सोबतीण शोधून, तिला मानधन देऊन, या स्त्रियांच्या बरोबर धाडावे. निष्कर्ष आणणे आणि गरज पडल्यास उपचार पुरा होईपर्यंत साथ देणे, हेही तिच्या कामात असावे. जायचे की नाही, हे मात्र त्या स्त्रीनेच ठरवायचे. समजावून सांगणे आपले काम, होकार वा नकार तिचा. आणि नकार दिल्याने नोकरीला धक्का लागता कामा नये. तिसरी सूचना या सभागृहातील भगिनींना. शंभरांतील अठ्ठ्याण्णवांत आपणही असण्याचा संभव मोठा आहे. स्वतः न तपासलेल्या बाईने दुसरीला तपासणीचे महत्त्व सांगावे, यात काही अर्थ नाही. आपण आधी जा; मग जिच्या हातचे आपण जेवतो, तिला बरोबर घेऊन जा.

पन्नास वर्षांत या मंडळाने गणेशोत्सव केले, नाटके केली, मुलांना मराठी शिकवले. परमुलखात एकमेकांना घर दिले. या मुलखात आपल्याइतक्याच परक्या, किंबहुना अधिक एकाकी असलेल्या बायका आपल्याच छपराखाली राहतात. त्यांपैकी एकीचा जरी रोग वेळेवर कळला आणि ती धडधाकट शरीराने आपल्या गावी, आपल्या लेकरांत परतली, तर हा महोत्सव सार्थ झाला असे मी मानीन.