सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही

(महिला वाहनचालक आणि संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत हा विषय वाचून काहीजणींनी मघाशी चहाच्या वेळी मला विचारलं, "हे स्त्रियांच्या चळवळीत कुठे बसतं?" प्रश्न रास्त आहे. पोटगी, मालमत्तेतला हक्क, कामाच्या ठिकाणचा छळ हे आपले नेहमीचे विषय. पण आज इथे बसलेल्यांपैकी कित्येकजणी टॅक्सी किंवा शाळेची व्हॅन चालवून घर चालवतात. काही संघटनांकडे एखादी जुनी गाडी आहे. रात्री मारहाण झालेली बाई फोन करते, तेव्हा तीच गाडी काढावी लागते. अशा वेळी चावी फिरवली, सेल्फ "घर्र घर्र" फिरला आणि इंजिनाने पकडलंच नाही, तर काय? मग आपण कोणाच्या तरी दारात उभ्या राहतो. तो सांगेल ते ऐकतो, मागेल ते देतो. "ताई, तुम्हाला नाही कळायचं ते," हे वाक्य आपण पोलीस चौकीत ऐकतो, कोर्टात ऐकतो, तसंच गॅरेजातही ऐकतो.

मी इंजिनिअर नाही. मी एम.एस.डब्ल्यू. केलं आहे. त्या अभ्यासात केसवर्क शिकताना मेरी रिचमंड हे नाव येतं. १९१७ साली त्यांनी 'सोशल डायग्नोसिस' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मदत करायला धावण्याआधी पुरावा गोळा करा, तो तपासा, मगच निष्कर्ष काढा. बंद पडलेल्या गाडीलाही हेच लागू आहे. आधी निदान, मग खर्च. गॅरेजात आपली फसगत होते ती बहुतेक वेळा हा क्रम उलटल्यामुळे.

आता पहिला प्रश्न. गाडी "चालू होत नाही" म्हणजे नेमकं काय होतं? चावी फिरवल्यावर नुसतं "टक" वाजलं किंवा काहीच झालं नाही, तर ती तक्रार बॅटरीची, सेल्फची किंवा त्यांच्या वायरींची. ती वेगळी. आपली तक्रार अशी, की सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो आहे, पण इंजिन स्वतःच्या बळावर फिरायला लागत नाही. म्हणजे सेल्फने आपलं काम केलं. अशा वेळी आजूबाजूचे लोक लगेच म्हणतात, "धक्का मारा." जरा विचार करा. धक्का मारून आपण इंजिन फिरवतो, आणि सेल्फ तर ते फिरवतोच आहे. मग धक्क्याने वेगळं काय होणार? सेल्फ जोरात फिरत असेल तर धक्का व्यर्थ आहे. रात्रीच्या वेळी अनोळखी चौघांना गाडीभोवती गोळा करण्याआधी एवढं लक्षात ठेवा. मात्र सेल्फ रेंगाळत फिरत असेल, दिवे मंदावत असतील, तर बॅटरी अशक्त आहे. तेव्हा गाडीच्या संगणकाला आणि ठिणगीलाही वीज पुरत नाही. ते आधी सोडवा.

पेट्रोलच्या इंजिनाला पेटायला काय लागतं? आपल्या चुलीइतकंच साधं आहे. इंधन हवं, हवा हवी, ठिणगी हवी. त्यात दोन गोष्टी वाढवा. हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं गेलं पाहिजे, आणि ठिणगी नेमक्या क्षणी पडली पाहिजे. सेल्फ फिरतो पण गाडी पेटत नाही, तेव्हा यांपैकी काहीतरी कमी पडतं आहे. काय कमी आहे हे शोधणं, एवढंच काम.

हे काम बाईचं नव्हे, असं म्हणणाऱ्यांना बर्था बेंझची गोष्ट सांगा. मोटारीचं पेटंट १८८६ साली तिच्या नवऱ्याच्या, कार्ल बेंझच्या नावाने निघालं. पण त्याच्या कारखान्यात लग्नाआधीपासून तिचा पैसा अडकला होता. ऑगस्ट १८८८ मध्ये ती दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला त्या मोटारीने गेली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. ठिणगीची वायर उघडी पडली, तिला मोज्याचा पट्टा गुंडाळला. म्हणजे पहिल्या लांबच्या प्रवासात एक बिघाड इंधनाचा आणि एक ठिणगीचा, आणि दोन्ही एका बाईने रस्त्यावर ओळखले.

आता आपण चालकाच्या सीटवर बसून काय काय तपासू शकतो ते बघू. बॉनेट उघडण्याआधी पाच गोष्टी.

एक, इतिहास विचारा. गाडी शेवटची कधी चालली? चालता चालता बंद पडली, की रात्री ठीक होती आणि सकाळी नाही? नुकतं काही काम केलं होतं का? पेट्रोल कुठे, कधी भरलं? टाकीचा काटाही खोटं बोलतो. शंका असली तर दोन-तीन लिटर पेट्रोल घालून बघणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

दोन, चावी 'ऑन'पर्यंतच फिरवा, सेल्फ मारू नका. समोर इंजिनाच्या आकाराचा दिवा लागायला हवा. तो लागलाच नाही, तर गाडीच्या संगणकाला वीजच पोचत नसण्याची शक्यता आहे. चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला, तर गाडीने चावी ओळखलेली नाही. चोरी टाळण्यासाठी अशा वेळी गाडी इंजिन चालू होऊ देत नाही. दुसरी चावी वापरून बघा.

तीन, कान द्या. इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत चावी 'ऑन' करताच मागच्या सीटखालून, टाकीच्या बाजूने दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण येते. तो पेट्रोलचा पंप. गुणगुण नसेल तर फ्यूज, रिले, वायर किंवा पंप, यांत शोध. ती आली म्हणजे इंधन पुरेशा दाबाने पोचतंच असं नाही, पण निदान पंप फिरतो आहे.

चार, सेल्फ मारताना इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याकडे बघा. पुष्कळ गाड्यांत तो थोडा हलतो. अजिबात हलला नाही, तर इंजिन फिरतंय हे संगणकाला सांगणारा क्रँक सेन्सर संशयित. इंजिन फिरतंय हेच कळलं नाही, तर संगणक पेट्रोलही सोडत नाही आणि ठिणगीही देत नाही.

पाच, वास आणि आवाज. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर पेट्रोल जास्त झालं आहे, प्लग ओले झाले असतील. थोडं थांबा, मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत असं केल्यावर पेट्रोल सोडणं थांबतं आणि नुसती हवा जाते. उलट, सेल्फ नेहमीपेक्षा भरभर, हलका, एकसारखा फिरू लागला, तर थांबा. टायमिंग बेल्ट तुटल्यावर असा आवाज येतो. पुन्हा पुन्हा सेल्फ मारलात तर काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून मोठं नुकसान होतं.

एवढं झालं की बॉनेट उघडा. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का? पावसाळ्यात हे फार होतं. एअर फिल्टरच्या डब्यात घरटं तर नाही ना? फ्यूज बघा. कोणता फ्यूज कशाचा, हे झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. जळालेला फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घाला, तार लावू नका. प्लगची वायर हातात धरून ठिणगी बघण्याचा पुरुषी पराक्रम मात्र करू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात आणि जवळपास पेट्रोलची वाफ असते. त्यासाठी तपासणीचं साधन मिळतं, ते मेकॅनिकलाच वापरू द्या.

दोन गोष्टी कधीही करायच्या नाहीत. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही. मध्ये अर्धा मिनिट तरी थांबायचं, नाहीतर सेल्फ तापतो, बॅटरीही उतरते. आणि गाडी पाण्यात बुडाली असेल तर चावी फिरवायचीच नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, रस्तोरस्ती गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशी गाडी टो करूनच न्यायची.

ज्यांच्या गाड्या सीएनजीवर आहेत त्यांच्यासाठी. यातल्या बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि मग गॅसवर जातात. पेट्रोल महाग म्हणून आपण टाकी कोरडी ठेवतो. पण टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. कोरड्या टाकीत तो जळतो आणि वाचवलेले पैसे दामदुपटीने जातात. आणि ज्यांच्याकडे डिझेलची जीप आहे, त्यांच्या इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. दाबाने तापलेल्या हवेवर डिझेल पेटतं. तिथे "प्लगला करंट नाही" असं कोणी सांगितलं, तर कुठल्या प्लगला ते विचारा, कारण थंडीत इंजिन गरम करणारा ग्लो प्लग वेगळा. डिझेल संपून गाडी बंद पडली असेल तर नळीत हवा शिरते, ती काढावी लागते.

आता गॅरेज. आमच्या संस्थेची गाडी अशीच अडली, तेव्हा मेकॅनिकने दोन मिनिटं बघून सांगितलं, "पंप गेला." सांगितलं तेही गाडी चालवणाऱ्या आमच्या ताईंना नाही, सोबत आलेल्या पुरुष सहकाऱ्याला. ताईंनी शांतपणे विचारलं, "पंपाच्या वायरीला करंट येतोय का, ते बघितलंत?" बघितलं नव्हतं. टेस्ट लॅम्प लावला, करंट नव्हता. मग ताईंनीच सुचवलं, की हॉर्नचा रिले त्याच नंबरचा आहे, तो इथे लावून बघू. लावताच पंप गुणगुणला. पंपाचे काही हजार वाचले, रिलेचे काही शे गेले. त्या दिवसापासून तो मेकॅनिक ताईंशीच बोलतो. माणूस वाईट नव्हता. त्याला कोणी प्रश्न विचारत नव्हतं, एवढंच.

म्हणून हे प्रश्न पाठ करा. काय तपासलंत? तपासल्यावर काय दिसलं? हाच भाग गेला हे कशावरून? आजकाल गॅरेजात स्कॅनर लावतात, त्यावर कोड येतो. 'पी ०३३५' हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा. सर्किटचा, हे लक्षात घ्या. सेन्सर खराब असेल, नाहीतर त्याची वायर उंदराने खाल्ली असेल, नाहीतर प्लग-सॉकेट सैल असेल. कोड कुठे शोधायचं ते सांगतो, काय बदलायचं ते सांगत नाही. बदललेला जुना भाग परत मागा, बिल लेखी घ्या. बाईची तक्रार लिहून घेताना आपण चौकीत जसं प्रत मागितल्याशिवाय उठत नाही, तसंच.

आणि रस्त्यावर अडकलात तर गाडीपेक्षा आपण आधी. पार्किंगचे चारही दिवे लावा, त्रिकोण मागे ठेवा, रहदारीपासून बाजूला उभ्या राहा, कोणाला तरी ठिकाण कळवा, धोका वाटला तर ११२ लावा. निदान सुरक्षित जागीच करायचं.

शेवटची विनंती. हे सगळं गाडी बंद पडल्यावर शिकता येत नाही. पंपाची गुणगुण कशी असते, सेल्फचा नेहमीचा वेग किती, कोणते दिवे लागून विझतात, हे गाडी धडधाकट असतानाच कानाडोळ्यांना माहीत व्हायला हवं. बाहेर अंगणात दोन गाड्या उभ्या आहेत, एक पेट्रोलची आणि एक डिझेलची. पाच-पाच जणींचे गट करा. प्रत्येकीने स्वतः सीटवर बसायचं, चावी 'ऑन' करायची आणि काय दिसलं, काय ऐकू आलं ते वहीत लिहायचं. ज्यांनी आजवर चालकाची सीट घेतली नाही, त्यांनी पहिल्या गटात यायचं. चला.