मागाच्या शेडमधील चित्रगृह



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत घरगुती चित्रगृहावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटले असेल. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या दारावर झाले. तेव्हा शास्त्र शिकविण्याचा आमचा अधिकार नाही. हातांनी केले, चुकलो आणि मग कळले, तेवढेच सांगणार आहोत.

इचलकरंजीत घरामागे पत्र्याची शेड आणि तिच्यात दोनचार यंत्रमाग हे चित्र नवे नाही. आमच्या परसातही अशी एक शेड होती. १८ फूट लांब, ११ फूट रुंद. माग विकले गेले आणि ती रिकामी पडली. इकडे घरातील मुले एकेक कोपरा धरून आपापल्या मोबाइलात डोके घालून बसत. निदान सुटीच्या दिवशी सर्वांनी एका ठिकाणी बसून एकच चित्र पाहावे, म्हणून शेडमध्ये पडदा लावण्याचे ठरले. जवळच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सहकाऱ्यांना हाताशी धरून कॅमेरा स्वतः घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ लोकांपुढे आणला. आम्हांला तर केवळ एक खोली घडवायची होती!

हिशेब सोपा आहे. आमचा प्रोजेक्टर पडद्यापासून जितका दूर ठेवावा, त्याच्या दोनतृतीयांश रुंदीचे चित्र पाडतो. साडेदहा फुटांवर तो छताच्या कैचीला टांगला. चित्र ७ फूट रुंद आणि ४ फुटांना किंचित कमी उंच पडले. पहिली रांग ९ फुटांवर, दुसरी १३ फुटांवर, एका ठेंगण्या चौथऱ्यावर. पडदा म्हणजे आपल्याच पेठेतील कोरे कापड, चौकटीवर ताणून पांढरे रंगविलेले.

पांढऱ्यापेक्षा काळ्यानेच आम्हांला अधिक छळले. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. चित्रातील काळोख म्हणजे पडद्याचा प्रकाश न पडलेला भाग. पत्र्यातील खिळ्याच्या एका भोकातून ऊन आले, तरी रात्रीचा देखावा राखाडी होतो. म्हणून भोके बुजविली, भिंती गडद रंगविल्या आणि खेळ दिवेलागणीनंतर ठेवला. त्यामुळे तापलेल्या पत्र्याचाही त्रास वाचला.

पहिल्या खेळाला आमचे थोरले चुलते मुद्दाम पुढच्या रांगेत बसविले. त्यांनी याच शेडमध्ये ३० वर्षे माग चालविले. अर्ध्या तासाने ते उठले. म्हणाले, “चित्र झ्याक आहे रे, पण कोण काय बोलतंय ते उमगत नाही.” आम्ही आवाज वाढविला. त्यांनी कानांवर हात ठेवले. “आता नुसता गलका!”

आम्ही यंत्राला दोष दिला. दोष यंत्राचा नव्हता. धोट्यावर बसणारा दांड्याचा तडाखा वर्षानुवर्षे कानाशी चालू राहिला, की कानातील सूक्ष्म केशपेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. प्रथम उंच स्वरांची जाणीव जाते. स, श, त, क हे वर्ण त्याच स्वरांवर उभे असतात. म्हणून माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. त्यात उघड्या पत्र्यावरून प्रत्येक शब्द उलटून मागच्या शब्दावर पडतो. आवाज वाढविला की हा गोंधळही तेवढाच वाढतो!

मग भिंतीपासून वीतभर अंतर सोडून जुन्या गोधड्या टांगल्या, छताखाली गोणपाट ताणले, जमिनीवर काथ्याची चटई अंथरली. कापड पेट घेणारे, म्हणून विजेच्या तारा नळीतून दूर नेल्या आणि दार बाहेर उघडणारे केले. आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवला. चुलते शेवटपर्यंत बसले आणि एका विनोदाला सर्वांच्या बरोबरीने हसले. एरवी ते आमची तोंडे पाहून, मागाहून हसत.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. आम्ही मजुरीसाठी भांडलो, बोनससाठी भांडलो, फाटकावर उपोषणे केली. आमच्या मागणीपत्रकांत सारे काही होते, कान नव्हते. मागावर खुणांनी बोलतात, यात आम्हांला कसब दिसले, दुखणे दिसले नाही. ही चूक मालकांची तशी आमचीही. गोधड्यांनी शेड सुधारली, चुलत्यांचे कान परत आले नाहीत. आज मागावर उभ्या असलेल्या पोराचे कान मात्र वाचविता येतील. कानांत घालायची बोंडे, दरसाल कानांची तपासणी आणि कमी आवाजाची यंत्रे, ही कलमे आमच्या पत्रकात आता पहिल्या पानावर आहेत.

आपणही परसात चित्रगृह जरूर करा. खर्च करण्यापूर्वी रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवून पाहा. ती खणखणत राहिली, तर आधी गोधड्या टांगा. आणि घरातील कोणी मागाहून हसत असेल, तर त्याच्याकडे जरा लक्ष द्या.