अम्मीचं ताट कोण वाढणार?

(पवईतील तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आपण बसलोय तिथून जवळच, आयआयटीच्या आवारात, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते कार-टी पेशी उपचारपद्धतीचं उद्घाटन झालं. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, त्यांत बदल करून परत शरीरात सोडायच्या आणि रक्ताच्या काही कॅन्सरशी लढायला लावायच्या. आयआयटी आणि टाटा मेमोरियलने मिळून हे देशात घडवलं. अभिमानाचीच गोष्ट आहे.

पण पवईतल्याच चाळीत, वस्तीत, कांजूरमार्गहून लोकल पकडून परळला केमोसाठी जाणारं एखादं घर असतं. तिथला रोजचा प्रश्न साधा असतो : आज अम्मीने काय खाल्लं? आणि अम्मीच आजारी असेल, तर चूल कोणी पेटवायची? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं. बहीण कॉलेज बुडवते, नाहीतर भाभीवर सगळा भार पडतो. कधी अम्मीच केमोच्या तिसऱ्या दिवशी कट्ट्याला टेकून पोळ्या लाटते आणि सवयीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसते. तोवर तिची भूक मेलेली असते. आज मला मुख्यतः इथल्या मुलांशी बोलायचंय.

खाणं हा उपचाराचा भाग आहे. वजन झपाट्याने उतरलं, अंगातली ताकद गेली, तर औषधाचा डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो. साधारणपणे रुग्णाला दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे एक ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला पन्नास ते पंचाहत्तर ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात, यावरून अंदाज करा. मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेह असेल तर हिशोब बदलतो, म्हणून हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञाला भेटल्याशिवाय परत येऊ नका. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

आता स्वयंपाकघरात चला. दोन वेळचं भरलेलं ताट विसरा. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर द्या. आपला खिचडा आठवा : गहू, डाळ, मटण सगळं एकजीव. मिरची-मसाला कमी करून मऊ घोटलात, तर त्याच्यासारखं पोटभरीचं दुसरं काही नाही. शोरबा जरूर द्या, पण नितळ पाणी म्हणजे जेवण नव्हे. त्यातलं मांस बारीक वाटून त्यातच घाला. मटण परवडत नसेल तर अंडी, डाळ, दही, दुधातलं सातूचं पीठ, पातळ रश्शातले मऊ बोंबील.

तोंड आलं असेल तर तिखट, आंबट, गरम काही नको. कोमट, मऊ, गिळायला सोपं द्या. मळमळ असेल तर फोडणीचा वास टाळा. गार दहीभात, सुका टोस्ट बरा वाटतो. तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणाली, तर स्टीलचा चमचा काढून प्लास्टिकचा किंवा लाकडी द्या. तोंडाच्या कॅन्सरमध्ये कधी नाकातून नळी घालावी लागते. नळीतून काय, किती आणि कसं द्यायचं ते नर्सकडून नीट शिकून घ्या. पाहुणे आले म्हणून रुग्णाला पडद्यामागे ठेवू नका. नळी लाजिरवाणी नसते. ती जेवायची एक वाट आहे.

केमोत पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा जंतूही भारी पडतो. म्हणून पाणी उकळलेलं, फळं धुऊन सोललेली, अंडं पूर्ण शिजलेलं. बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळं, पाणीपुरी बंद. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त उघड्यावर ठेवू नका. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर घरगुती उपाय करत बसू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

इयादतीला येणारे प्रेमाने येतात आणि सल्ले ठेवून जातात. कोणी म्हणतं साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल. तसं होत नाही, माणूस मात्र अशक्त होतो. कोणी कलौंजीचं तेल आणतं, कोणी गुळवेल, कोणी हळदीच्या गोळ्या. अशा गोष्टी केमोच्या औषधात अडथळा आणू शकतात, काहींनी यकृताला इजा होते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही नको. पाहुण्यांना सांगा, बिर्याणीचा डबा नको, त्याऐवजी एक दिवस अम्मीसोबत परळला जाऊन या.

रमजान आला की आणखी एक पेच पडतो. वर्षानुवर्षं रोजे ठेवणाऱ्या माणसाला घरच्यांसमोर खाताना अपराधी वाटतं. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे. बरं झाल्यावर कझा, ते शक्य नसेल तर फिदिया. हे तिला आपण सांगायचं, आणि नुसतं सांगून थांबायचं नाही. दुपारी कोणीतरी तिच्याजवळ बसून तिला दोन घास भरवले, तर तिला चोरून खावं लागणार नाही.

शेवटचं, आणि अवघड. काही दिवस ती खाणारच नाही. तेव्हा "आमच्यासाठी तरी खा" असा धोशा लावू नका. तिच्या न खाण्याचा अर्थ हट्ट नसतो, तुमच्यावरचा रागही नसतो. आजार फार पुढे गेला की शरीरच अन्न मागेनासं होतं. मग ओठ ओले करणं, हात धरून बसणं, हीच सेवा. डॉक्टर तसं म्हणाले तर ऐका.

ही बैठक संपली की घरी जाऊन एक काम करा. घरात कोणी आजारी नसलं तरी मऊ खिचडी शिजवायला शिका. ज्या घरात फक्त एकाच बाईला स्वयंपाक येतो, त्या घरात ती बाई आजारी पडली की सगळेच उपाशी राहतात, आणि सगळ्यांत आधी तीच.