रंगभूमीवरील तपासनीस

बाहेरून आलेला एक परका मनुष्य घरांत पाऊल टाकतो, चार प्रश्न विचारतो, आणि प्रतिष्ठेच्या भिंतीआड दडविलेलें सारें उघडें पडतें, ही कल्पना रंगभूमीला जुनी आहे. १८३६ सालीं रंगभूमीवर आलेल्या आपल्या 'इन्स्पेक्टर जनरल' या नाटकांत रशियन लेखक गोगोल यानें एका उडाणटप्पू तरुणाला सरकारी तपासनीस समजून थरथर कांपणारें अख्खें गांव उभें केलें. पु. ल. देशपांडे यांनीं 'अंमलदार' या नांवानें तें मराठींत आणलें. त्यांत अधिकारी खोटा असतो. त्याला भिणाऱ्यांचीं पापें मात्र खरीं असतात. विनोदाच्या आवरणाखालीं झांकलेला हा विचार पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं गंभीर रूप घेऊन अवतरला.

जे. बी. प्रीस्टले या इंग्रज नाटककाराचें 'ॲन इन्स्पेक्टर कॉल्स' हें नाटक प्रथम १९४५ सालीं सोव्हिएट रशियांत व १९४६ सालीं लंडनमध्यें झालें. त्यांतील काळ १९१२ चा. बर्लिंग नांवाच्या कारखानदाराच्या घरीं मुलीच्या वाङ्निश्चयाची मेजवानी चालली आहे. इतक्यांत गूल नांवाचा पोलीस इन्स्पेक्टर येतो आणि ईव्हा स्मिथ नांवाच्या एका मजूर मुलीनें जंतुनाशक औषध पिऊन प्राण दिल्याची वार्ता सांगतो. हळुहळू उलगडा होऊं लागतो. बापानें पगारवाढीच्या संपापायीं तिला कारखान्यांतून काढलेलें. मुलीनें क्षुल्लक मत्सरानें तिची दुकानांतली नोकरी घालविलेली. भावी जांवयानें तिला कांहीं काळ आश्रय देऊन सोडलेलें. मुलानें तिला गर्भवती केलेलें. आणि अखेरीस तिनें मदतीसाठीं पदर पसरला तेव्हां धर्मादाय समितीच्या वजनदार सभासद असलेल्या आईनें तिला हांकून लाविलेलें.

गूल यांपैकीं कोणालाहि अटक करीत नाहीं. मुलीच्या मृत्यूबद्दल कायद्यानें यांच्यांतला एकहि खुनी ठरणार नाहीं, हें त्याला ठाऊक आहे. एका मरणाचे पांच वाटेकरी एकमेकांसमोर उभे करावयाचे, एवढ्यासाठींच तो आलेला आहे. त्या मुलीचें छायाचित्र तो एका वेळीं एकालाच दाखवितो, म्हणजे प्रत्येकाला आपला वांटा एकट्यानें ओळखावा लागतो. त्याच्या नांवाचा उच्चारहि इंग्रजींतील एका पिशाचवाचक शब्दाशीं जुळता आहे. तो मनुष्य आहे, मृत मुलीचा आत्मा आहे, कीं या घराची सदसद्विवेकबुद्धि आहे, हें नाटककार शेवटपर्यंत सांगत नाहीं.

तो निघून गेल्यावर घरचीं वडील मंडळी उलट चौकशी आरंभितात. या नांवाचा अधिकारी पोलिसांत नाहीं आणि इस्पितळांत अशी कोणी मुलगी मेलेली नाहीं, असें कळतांच त्यांचा जीव भांड्यांत पडतो. जणूं अधिकारी खोटा ठरला कीं केलेलीं कृत्येंहि खोटीं ठरतात! घरीं जातांना 'हा गूल होता तरी कोण?' एवढ्याच कोड्यांत जो प्रेक्षक रमतो, तो नकळत बर्लिंगच्याच पळवाटेनें निघालेला असतो. नाटककार मात्र ती वाट बंद करतो. दूरध्वनीची घंटा वाजते. एक मुलगी आतांच विष पिऊन मेली आहे, आणि पोलीस अधिकारी चौकशीसाठीं घराकडे यावयास निघाला आहे!

मराठी रंगभूमीनें या चौकशीला अगदीं निराळें वळण दिलें. विजय तेंडुलकर यांचें 'शांतता! कोर्ट चालू आहे' हें नाटक १९६७ सालीं 'रंगायन' संस्थेनें रंगभूमीवर आणलें. दिग्दर्शक अरविंद देशपांडे होते आणि लीला बेणारे या शिक्षिकेच्या भूमिकेंत सुलभा देशपांडे. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठीं खेड्यांत येते. वेळ घालविण्यासाठीं एक लुटुपुटूचा खटला रचला जातो व बेणारेबाईंना आरोपी केलें जातें. आरोप भ्रूणहत्येचा. प्रश्न विचारणारे सुखात्मे वकिलींत अपयशी, शास्त्रज्ञाचा आव आणणारे पोंक्षे परीक्षेंत नापास. जगांत ज्यांना कोणी विचारीत नाहीं, त्यांना येथें दुसऱ्याला विचारण्याचा अधिकार सांपडतो. गांवचा भोळा सामंत हातांतल्या कादंबरीच्या आधारें साक्ष देतो. ती बनावट साक्षच बाईंच्या खऱ्या आयुष्याला जाऊन भिडते, आणि खेळाचें रूपांतर शिकारींत होतें.

दोन्ही नाटकांत कोण गैरहजर आहे, हें पाहण्यासारखें आहे. प्रीस्टलेच्या नाटकांत जिच्यावर अन्याय झाला ती ईव्हा रंगमंचावर येत नाहीं. अन्याय करणारे सर्व समोर बसलेले असतात. तेंडुलकरांच्या न्यायालयांत ज्या प्राध्यापक दामल्यांपासून बाईंना दिवस गेले ते त्या दिवशीं आलेलेच नाहींत. सारे प्रश्न एकट्या बाईंवर कोसळतात. शाळेंतून त्यांना काढण्याचा निर्णय तेथेंच बाहेर फुटतो, आणि तो खेळांतला नसून खरा असतो. भ्रूणहत्येच्या आरोपानें सुरू झालेल्या या खटल्याचा निकाल काय लागतो? तर बाईंच्या पोटांतला गर्भ नष्ट करावा!

पुणेकरांना याच लेखकाची आणखी एक चौकशी परिचित आहे. 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजीं पुण्यांत भरत नाट्य मंदिरांत प्रथम झालें. ऐतिहासिक घाशीरामाचा शेवट १७९१ सालचा. परंतु हें नाटक इतिहास सांगण्यासाठीं लिहिलेलें नाहीं. चोरीच्या नुसत्या आळावरून त्यांत एका ब्राह्मणाला तापलेला लोखंडी गोळा हातीं धरावा लागतो. पुढें शहर खवळतें, कोतवाल जिवानिशीं जातो, आणि त्याला कोतवाली बहाल करणारे नाना फडणवीस निर्धास्त राहतात. तपासनीस मेला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारें शहर आणि तपासनीस खोटा म्हणून निःश्वास टाकणारें बर्लिंगचें घर, यांत अंतर तें किती?

तेव्हां तपासनीसाच्या हातांतली सनद खरी कीं खोटी, हा प्रश्न दुय्यम आहे. तो कोणाला प्रश्न विचारतो आणि कोणाला विचारल्यावांचून सोडतो, यावर त्याची पारख व्हावी. हीच पारख प्रेक्षकांनाहि लागू आहे. बेणारेबाईंची उलटतपासणी चालू असतां जो गृहस्थ आपल्या खुर्चींत गालांतल्या गालांत हंसला, तो तेवढ्यापुरता सुखात्म्यांचा सहाय्यक झालाच. निकालानंतर मंडळी आपल्या प्रयोगाच्या गडबडींत बाईंना विसरून जाते. मग सामंत हलकेच आंत येतो, निश्चल पडलेल्या बाईंपाशीं एक हिरवा कापडी पोपट ठेवतो आणि निघून जातो. त्या साऱ्या मंडळींत त्यांच्याकडे आरोपी म्हणून न पाहणारा तोच एकटा.